उकळत्या मिश्रणाचा हिशेब

चुलीवर ठेवलेले तांब्याभर पाणी किती वेळात उकळेल हे घरातील कोणतीही गृहिणी घड्याळाकडे न पाहता सांगेल. ते पाणी उकळून पूर्ण आटण्यास किती वेळ लागेल, हा प्रश्न थोडा अवघड आहे. आणि त्या पाण्यात दुसरा एखादा उडून जाणारा द्रव मिसळलेला असला, तर तळाच्या धातूतून त्या मिश्रणात दर मिनिटाला किती उष्णता जाईल, हा प्रश्न इतका अवघड आहे की तो नीट विचारला जाऊन त्याचे कामचलाऊ उत्तर हाती येण्यास दोनशे वर्षे लागली. आज त्या दोनशे वर्षांचीच हकीकत सांगावयाची आहे.

माझा या विषयाशी पहिला परिचय पुस्तकातून झालेला नाही. माझे बालपण गोव्यात गेले आणि आजोबांची काजूची भट्टी होती. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. ते पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात इकडे आणले. परंतु त्याच्या बोंडांच्या रसापासून फेणी गाळण्याची कला येथील माणसांच्या हातांत वाढली, आणि २००९ साली त्या फेणीला भौगोलिक निर्देशांकाची सरकारी मान्यताही मिळाली. आंबलेला रस ज्यात उकळत असे त्या मोठ्या मडक्यास आमच्याकडे भाण म्हणत. त्याच्या तोंडावरून एक नळी निघून दुसऱ्या मडक्यात, म्हणजे लवणीत, उतरे; आणि त्या लवणीवर गार पाणी ओतीत बसणे हे आम्हा मुलांचे काम असे. पहिल्या खेपेस जे उतरते ते हुर्राक. ते सौम्य असते. ते पुन्हा रसात मिसळून गाळले म्हणजे फेणी हाती येते. फेणी हा शब्द फेणावरून आला असे सांगतात. आजोबा पेल्यात धार उंचावरून ओतीत आणि वर उठणारे बुडबुडे किती वेळ टिकतात यावरून तिचा जोर ठरवीत.

एके दिवशी आजोबा संध्याकाळच्या घंटेनंतर देवळात गेले आणि भट्टी माझ्यावर सोपविली. काम लवकर आटपावे म्हणून मी चुलीत दुप्पट लाकडे सारली. धार खरोखरच जोराने लागली. आजोबा परत आले, त्यांनी पेल्यात धार ओतली, आणि बुडबुडे उठले न उठले तोच विरले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "धग वाढवलीस, तर पाणीच वर येणार, बाबा." आणि सारी लवणी पुन्हा रसात ओतावयास लावली. दोन दिवसांची मेहनत फुकट गेली होती.

आता याची कारणे मी शाळेतील मुलांना सांगू शकतो. जास्त धगीमुळे फेस उसळतो आणि त्याबरोबर रसाचे शिंतोडे नळीत ओढले जातात. मडक्याच्या गळ्याशी वाफेचा जो थोडा भाग थिजून परत खाली पडतो व उरलेली वाफ अधिक कडक करतो, त्याला सवड राहत नाही. आणि लवणी अपुरी पडते. परंतु या सर्वांच्या मुळाशी जो प्रश्न आहे, की ठरावीक धगीला, ठरावीक तळातून, या मिश्रणात नेमकी किती उष्णता शिरते, तो प्रश्न आजोबांनी कधी शब्दांत मांडला नव्हता. मात्र त्याचे उत्तर त्यांच्या हातात होते, यात मला शंका नाही.

आणि गंमत अशी की विज्ञानाच्या इतिहासातही हा प्रश्न पहिल्यांदा एका दारू गाळणाऱ्याच्या तोंडून आला आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील विद्यापीठात जोसेफ ब्लॅक नावाचे रसायनशास्त्राचे अध्यापक होते. त्यांचा जन्म १७२८ चा. त्या काळी सर्वसाधारण समज असा होता की पाणी एकदा उकळू लागले म्हणजे थोड्याशाच अधिक उष्णतेने त्याची सर्व वाफ होऊन जावी. ब्लॅक यांना हे पटेना. तसे असते तर उकळीस आलेले प्रत्येक भांडे क्षणार्धात स्फोटासारखे रिकामे झाले असते. परंतु हे सिद्ध करावयाचे तर विस्तव एकसारखी उष्णता देतो असे धरावे लागते, आणि विस्तव तर कमीजास्त होतच असतो. तेथेच त्यांचे काम अडले होते. अशा वेळी एका अनुभवी दारू गाळणाऱ्याने त्यांना सांगितले की भट्टी नीट चालत असली म्हणजे तासाला किती दारू उतरेल हे मी पाइंटाच्या मापापर्यंत अचूक सांगू शकतो. हे ऐकताच ब्लॅक यांनी थोडे थोडे पाणी आटवून पाहिले. विस्तव थोडाफार अनियमित असला तरी, जितके पाणी तितका वेळ, हे प्रमाण जवळपास बरोबर येते असे त्यांना आढळले. त्या गाळणाऱ्याचे नाव ब्लॅक यांनी दिलेले नाही. मला ही गोष्ट थोडी खटकते. पण निदान त्यांनी त्याचे ऋण लपविले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मग १७६२ साली तो प्रसिद्ध प्रयोग झाला. सपाट बुडाची कथलाच्या पत्र्याची भांडी लाल तापलेल्या बिडाच्या तव्यावर ठेवली. पाणी फॅरनहाइटच्या ५० अंशांवर होते. ते चार मिनिटांत उकळू लागले आणि त्यानंतर वीस मिनिटांत पूर्ण आटले. ५० पासून २१२ पर्यंत म्हणजे १६२ अंश चढण्यास चार मिनिटे. तर वीस मिनिटांत त्याच्या पाचपट, म्हणजे ८१० अंशांइतकी उष्णता पाण्यात गेली, आणि तापमापकावर मात्र ती एका अंशानेही दिसली नाही. हीच अप्रकट उष्णता. आज तो आकडा सुमारे ९७० मानला जातो. म्हणजे ब्लॅक यांचा हिशेब सहाएक हिश्शांनी कमी पडला. तरीही तापलेला तवा आणि घड्याळ एवढ्या सामग्रीवर इतक्या जवळ येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. याच शहरात दोनतीन वर्षांत जेम्स वॉट यांना असे दिसले की थोड्याशा पाण्याची वाफ आपल्या सहापट वजनाच्या थंड पाण्याला उकळीपर्यंत नेते. ते चकित होऊन ब्लॅक यांच्याकडे गेले, आणि उत्तर तयारच होते.

परंतु माझे लक्ष ब्लॅक यांच्या हिशेबातील एका न बोललेल्या वाक्याकडे जाते. पाणी तापत असताना आणि पाणी उकळत असताना तळातून त्यात शिरणारी उष्णता दर मिनिटाला सारखीच असते, असे त्यांनी गृहीत धरले होते. ते खरे आहे काय? तळ अधिक तापविला तर उकळणाऱ्या द्रवात अधिक उष्णता जाते काय, आणि कोठपर्यंत? हा प्रश्न ब्लॅक यांच्या देशात लवकरच एका वेगळ्याच वाटेने, म्हणजे करवसुलीच्या वाटेने, ऐरणीवर आला.

१७८६ साली स्कॉटलंडच्या सखल भागासाठी असा कायदा झाला की दारूवरचा कर गाळलेल्या दारूवर न घेता, भट्टीच्या भांड्यात किती गॅलन मावतात त्यावर वर्षाचा परवाना म्हणून घ्यावयाचा. सरकारने मनाशी हिशेब केला होता की एवढे भांडे आठवड्यात इतक्याच वेळा भरून रिकामे होऊ शकते. गाळणाऱ्यांनी तो हिशेब पार मोडून टाकला. भांडे लहान ठेवले तर कर कमी. मग तेच भांडे उथळ आणि रुंद केले, की तळ मोठा आणि द्रवाची खोली थोडी. खाली प्रचंड विस्तव. पूर्वी ज्या कामास तास लागत ते मिनिटांवर आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस काही भट्ट्या साधारण तीन मिनिटांत एक खेप उतरवून रिकाम्या होऊ लागल्या होत्या! सरकार चिडून परवान्याचा दर चढवीत गेले. आरंभी गॅलनला दीड पौंड होता तो १७९७ मध्ये चोपन्न पौंड झाला. दर वाढला की भट्टी आणखी उथळ, विस्तव आणखी मोठा. फेस उतू जाऊ नये म्हणून द्रवात साबण टाकीत. गाळ तळाशी करपू नये म्हणून आत साखळ्या फिरवीत. दारूची चव पार बिघडली, तांब्याची भांडी झिजून गेली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही करपद्धत अखेर सोडून द्यावी लागली.

एका चौरस हात तळातून किती उष्णता मिश्रणात रेटता येईल, याचा इतका मोठा, इतका महाग आणि इतका निष्काळजी प्रयोग पुन्हा झाला नसेल. पण त्याची नोंदवही कोणी ठेवली नाही. करनिरीक्षकांच्या कागदांत गॅलन आणि मिनिटे आहेत, तळाचे तापमान कोठेच नाही. भट्टीवाल्यांना ते मोजण्याची गरज नव्हती, आणि विद्वानांना भट्टीत शिरण्याची.

तळ अधिकाधिक तापवीत गेले तर उष्णता अधिकाधिक जाईलच असे नाही, याची पहिली खूण मात्र त्याच्याही आधी मिळाली होती. जर्मनीतील ड्यूसबुर्ग येथील योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १७५६ साली पाण्याच्या गुणधर्मांवर एक प्रबंध लिहिला. त्याने लोखंडी चमचा लालबुंद तापवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला. तो थेंब चट्कन नाहीसा होण्याऐवजी गोल होऊन नाचत अर्धा मिनिट टिकला. चमचा जसजसा निवत गेला तसतसे पुढचे थेंब लवकर लवकर नाहीसे झाले. आपल्या घरी घावन घालण्यापूर्वी तव्यावर पाणी शिंपडून पाहतात, तो हाच प्रयोग. तवा बेताचा तापला असेल तर पाणी चर्रकन आटते. अति तापला असेल तर थेंब मोत्यांसारखे पळतात, कारण थेंब आणि तवा यांच्यामध्ये वाफेचा पातळ पडदा तयार होतो आणि वाफ उष्णतेची वाईट वाहक आहे.

या दोन टोकांमधली सारी वाट प्रथम नीट मोजली ती १९३४ साली, जपानमध्ये, सेंदाई येथील विद्यापीठात शिरो नुकियामा यांनी. त्यांची युक्ती साधी होती. उकळत्या पाण्यात एक बारीक धातूची तार बुडवावयाची आणि तीतून वीज सोडावयाची. विजेच्या मापावरून उष्णता किती दिली हे कळते. आणि तापल्यामुळे तारेचा विद्युत् रोध जो बदलतो त्यावरून तारेचे तापमान कळते. म्हणजे एकच तार चूलही झाली आणि तापमापकही. वीज हळूहळू वाढवीत नेली तेव्हा प्रथम बुडबुडे वाढले, उष्णताप्रवाह झपाट्याने चढला आणि तार पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा काही थोड्याच अंशांनी तापली. पण एका मर्यादेनंतर वीज जराशी वाढवताच तार एकदम रसरसून लाल झाली. कमी टिकाऊ धातूची तार त्याच क्षणी वितळून तुटे. प्लॅटिनमची तार मात्र तग धरी. बुडबुडे एकमेकांत मिसळून त्यांनी तारेभोवती वाफेचे वेष्टन केले होते. साध्या हवेच्या दाबाखाली पाण्यासाठी ही मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे शंभर वॅट किंवा थोडी अधिक आहे. शुद्ध अल्कोहोलसाठी ती साधारण त्याच्या निम्मी भरते.

नुकियामांचा लेख जपानी भाषेत होता. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६६ साली छापले गेले. मधल्या बत्तीस वर्षांत पाश्चात्य संशोधकांना त्याच वाटेवरची बरीचशी मजल स्वतः चालून जावी लागली. भाषेच्या भिंतींविषयी आपल्यासारख्यांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आपण मिश्रणाकडे वळू.

शुद्ध पाण्याचा हिशेब असा हळूहळू बसत होता. परंतु कारखान्यात शुद्ध द्रव उकळण्याचा प्रसंग क्वचितच येतो. खनिज तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यांत, रसायनांच्या कारखान्यांत, जेथे जेथे द्रव उकळून त्यातील घटक वेगळे करावयाचे तेथे मिश्रणच उकळत असते. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५४ आणि १९५५ साली जे दोन मोठे तेलशुद्धी कारखाने सुरू झाले, त्यांतील उंच मनोऱ्यांच्या पायथ्याशी मिश्रण उकळीत ठेवणारी नळ्यांची पात्रे असतात. त्या पात्राला किती नळ्या लागतील हे आधी कागदावर ठरवावे लागते. नळ्या कमी पडल्या तर मनोऱ्यात वाफ पुरेशी चढत नाही आणि घटक नीट वेगळे होत नाहीत. ती भीती टाळण्यासाठी नळ्या अधिक तापवाव्यात, तर नुकियामांच्या तारेप्रमाणे वाफेचे वेष्टन होऊन उष्णता उलट कमी जाते. आणि सरसकट दुप्पट नळ्या बसवाव्यात, तर तो पैसा कोणाच्या तरी खिशातून जातोच.

कोणासही प्रथम सुचेल तो उपाय सरासरीचा. शुद्ध पाण्यात किती उष्णता जाते ते ठाऊक आहे. शुद्ध अल्कोहोलमध्ये किती जाते तेही ठाऊक आहे. मग निम्मे निम्मे मिश्रण असेल तर मधला आकडा घ्यावा. १९४१ साली अमेरिकेत बोनिला आणि पेरी या दोघांनी अल्कोहोल आणि पाणी यांसारखी दोन घटकांची मिश्रणे उकळवून मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांवरून दिसून आले की मिश्रण या सरासरीला जुमानीत नाही. तेवढीच उष्णता घालावयाची तर तळ सरासरीहून बराच अधिक तापवावा लागतो. दोन चांगले वाहक एकत्र आले आणि वाईट वाहक झाले, असा हा चमत्कार!

याचे कारण मला वर्गात समजावून सांगावयास फार आवडते, म्हणून येथे थोडा थांबतो.

वजनाने शंभरात दहा भाग अल्कोहोल असलेले पाणी घ्या. ते सुमारे ९२ अंश सेंटिग्रेडला उकळू लागते. पण त्यातून निघणारी वाफ दहा टक्क्यांची नसते. तिच्यात अल्कोहोल जवळजवळ निम्मे असते. हुर्राक रसापेक्षा कडक का असते याचे हेच उत्तर आहे. आता तळाशी चिकटलेल्या एका बुडबुड्याकडे पाहा. तो फुगतो तो भोवतालच्या द्रवाची वाफ करून. त्यासाठी तो भोवतालचे अल्कोहोल अधाशासारखे ओढून घेतो आणि पाणी मागे ठेवतो. त्यामुळे बुडबुड्याभोवतीच्या पातळ थरात अल्कोहोल कमी होते. अल्कोहोल कमी झाले की त्या थराचा उत्कलनबिंदू चढतो, ९२ वरून ९४, ९५ असा. तळाचे तापमान मात्र तेच. म्हणजे तळ आणि उकळणारा द्रव यांच्या तापमानांत जे अंतर बुडबुड्याला फुगविते, तेच अंतर कमी होते आणि बुडबुड्याची वाढ मंदावते. दूरच्या द्रवातून नवे अल्कोहोल विसरणाने त्या थरात येते खरे, पण विसरण हे फार सावकाश चालणारे काम आहे. उष्णता द्रवातून जितक्या वेगाने पसरते त्याच्या मानाने ते पुष्कळच मंद. बुडबुडा अशा रीतीने स्वतःच आपल्या भोवती अडचण उभी करतो. १९५९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ स्क्रिव्हेन यांनी मिश्रणात फुगणाऱ्या बुडबुड्याचे गणित पूर्ण मांडून दाखविले. त्यात उष्णतेचा प्रवास आणि घटकाचा प्रवास हे दोन्ही एकाच समीकरणात येतात.

याचा पडताळा एका गोष्टीने सुंदर येतो. अल्कोहोलचे प्रमाण वजनाने ९५.६ टक्के झाले म्हणजे वाफ आणि द्रव यांच्यांतील प्रमाण एकच होते. तेथे बुडबुड्याला निवड करावयास काही उरत नाही, आणि ही जादा अडचणही तेथे नाहीशी होते. मिश्रण असूनही ते शुद्ध द्रवासारखे वागते.

मात्र मिश्रणाचे वागणे एकमार्गी नाही. नेदरलँड्समधील व्हॅन वाइक, व्हॉस आणि व्हॅन स्ट्रालेन यांनी १९५६ साली दाखविले की पाण्यात शेकडा चारएक भाग मिथिल एथिल कीटोन हा द्रव मिसळला, तर तार लाल होण्यापूर्वीची ती कमाल मर्यादा शुद्ध पाण्याच्या दुपटीहूनही वर जाते. बुडबुडे लहान आणि मंद राहतात, एकमेकांत लवकर मिसळत नाहीत, म्हणून वेष्टन उशिरा होते. जी मंदता एरवी तोट्याची, तीच येथे रक्षण करते. हे वाचल्यावर मला स्कॉटलंडच्या त्या भट्टीवाल्यांची आठवण झाली. एवढा विस्तव त्यांच्या तळांनी कसा सोसला असेल याचा काही अंश या निष्कर्षात असावा, असा माझा आपला तर्क आहे. तो कोणी तपासला आहे असे मात्र मी म्हणत नाही.

अभियंत्याला मात्र तत्त्वापेक्षा आकडा हवा असतो. १९६४ मध्ये पॅलेन आणि स्मॉल यांनी तेलशुद्धीच्या पात्रांसाठी एक सोपा नियम दिला. मिश्रण उकळण्यास आरंभ होतो ते तापमान आणि शेवटचा थेंब आटतो ते तापमान, यांत जितके अधिक अंतर, तितकी उष्णतेच्या संक्रमणात मोठी काट. १९६९ साली जर्मनीतील श्टेफान आणि कोर्नर यांनी पुष्कळशा द्रवजोड्यांची मोजमापे तपासून जे सूत्र दिले ते पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र गेले, आणि ते इतके साधे आहे की कागद-पेन्सिलीशिवायही सांगता येते.

प्रथम सरासरीने काढा की एवढी उष्णता घालण्यासाठी तळ द्रवापेक्षा किती अंश अधिक तापलेला हवा. समजा, दहा अंश. मग वाफेतील आणि द्रवातील अल्कोहोलच्या प्रमाणांत किती फरक आहे तो पाहा. हे प्रमाण वजनाने नव्हे, रेणूंच्या गणतीने. आपल्या दहा टक्क्यांच्या मिश्रणात द्रवातील शंभर रेणूंत अल्कोहोलचे सुमारे चार, तर वाफेतील शंभरांत सुमारे एकोणतीस असतात. फरक पंचवीस, म्हणजे पाव. त्याला त्या जोडीच्या ठरावीक आकड्याने गुणावयाचे. साध्या हवेच्या दाबाखाली अल्कोहोल आणि पाणी या जोडीसाठी तो १.२१ आहे. गुणाकार सुमारे ०.३०. म्हणून दहा अंशांत शेकडा तीस भर घाला. तळ दहाऐवजी तेरा अंशांनी अधिक तापलेला हवा. ज्या जोडीची मोजमापेच नाहीत तिच्यासाठी १.५३ हा आकडा धरावा, अशीही त्यांची शिफारस होती.

पण दर जोडीला निराळा आकडा शोधीत बसणे कोणास परवडणार? पुढे १९८२ मध्ये श्ल्यूंडर यांनी आणि १९८३ मध्ये जॉन थोम यांनी तो टाळण्याचा मार्ग काढला. थोम यांच्या पद्धतीत फक्त एकच गोष्ट लागते: मिश्रण उकळू लागण्याचे आणि पूर्ण आटण्याचे तापमान. आपल्या मिश्रणात ती ९२ आणि ९९ धरू. अंतर सात अंश. बुडबुड्याभोवतीच्या थराचा उत्कलनबिंदू जास्तीत जास्त एवढाच चढू शकतो. म्हणून दहात सात मिळवा, सतरा.

चाणाक्ष श्रोत्यांनी येथे मला अडविले असेल. एक पद्धत तेरा सांगते आणि दुसरी सतरा, मग खरे कोणाचे? थोम यांची सतरा ही सर्वांत वाईट परिस्थितीची मर्यादा आहे. उष्णता इतक्या जोराने येते आहे की तळाजवळ आलेला सगळा द्रव आटून जातो, असे ती धरते. धग बेताची असेल तर बुडबुड्याला नवे अल्कोहोल मिळण्यास थोडी सवड राहते आणि खरा आकडा खाली येतो. श्ल्यूंडर यांनी आपल्या सूत्रात धगीचे हे प्रमाण घातले आहे. म्हणजे मिश्रणाची अडचण किती हे केवळ मिश्रणावर ठरत नाही, चुलीतल्या लाकडांवरही ठरते. मी भट्टीत दुप्पट लाकडे सारली त्या संध्याकाळी बुडबुड्यांची ती सवडच मी काढून घेतली होती.

आजही या पद्धती नुसत्या पाठ्यपुस्तकात पडून नाहीत. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर ओझोनला अपाय करणारे जुने शीतक द्रव काढून टाकावे लागले, आणि त्यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी दोनतीन द्रवांची मिश्रणे आली. आर-४०७सी या नावाचे असेच एक तीन घटकांचे मिश्रण अनेक वातानुकूलन यंत्रांत भरले गेले. त्याच्या आरंभीच्या आणि अखेरच्या उत्कलन-तापमानांत साधारण सात अंशांचे अंतर आहे, म्हणजे योगायोगाने आपल्या दहा टक्क्यांच्या अल्कोहोलइतकेच. यंत्रातील ज्या नळ्यांत हे मिश्रण उकळते, त्यांची लांबी ठरविताना ही काट हिशेबात धरावी लागते. आर-४१०ए या दुसऱ्या मिश्रणात हे अंतर जवळजवळ नाहीच, म्हणून तेथे ही काटही नाममात्र.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी असे एक जुने यंत्र दुरुस्त करावयास कारागीर आला होता. शीतक भरताना त्याने सिलिंडर उलटा धरला. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सरळ धरला तर वरची वाफ आधी जाते, सर, आणि वाफेत हलका माल जास्त असतो. मग यंत्रात एक जातं आणि सिलिंडरात दुसरंच उरतं." मी त्याला हुर्राकाची गोष्ट सांगितली. तो हसला, आणि सिलिंडर तसाच उलटा धरून काट्याकडे पाहत राहिला.